खुर्चीआधी टेबल मोजा

खुर्ची घ्यायला बाहेर पडण्याआधी घरात टेप शोधा आणि ज्या टेबलावर काम करणार आहात त्याची जमिनीपासूनची उंची मोजा. बाजारात मिळणारी बहुतेक टेबलं ७३ ते ७६ सेंमी उंच असतात. सुताराला सांगून केलेलं टेबलही अडीच फूट, म्हणजे ७६ सेंमीच निघतं. वहीत पेनाने लिहायला ही उंची चालून जाते. कीबोर्डसाठी ती जास्त आहे, आणि पाच-सव्वापाच फूट उंचीच्या माणसासाठी तर फारच जास्त. महागातली खुर्ची आणूनही मान आणि खांदे दुखायचे थांबत नाहीत, तेव्हा दोष बहुतेक वेळा खुर्चीत नसतो, तिच्यासमोरच्या टेबलात असतो.

इंदुरात ही अडचण निरनिराळ्या घरांत सारखीच दिसते. सुपर कॉरिडॉरवरच्या किंवा विजयनगरातल्या कंपनीचं काम आठवड्यातले काही दिवस घरून करणारे, भंवरकुआंच्या खोल्यांमध्ये पीएससीच्या तयारीसाठी दिवसभर बसणारी मुलं, कपडा मार्केटातल्या गादीवर वर्षं काढून आता संगणकासमोर बसलेले हिशेबनीस. प्रत्येकाचं टेबल वेगळं, पण बसण्याचं गणित एकच. ते गणित आधी समजून घेतलं तर दुकानात फसगत होत नाही आणि घरात आहे त्या खुर्चीतूनही बरंच काही साधता येतं.

आधी अंगाची मापं

कडक स्टुलावर किंवा लाकडी खुर्चीवर बसा. दिवाण, सोफा, गादी नको. त्यावर बसलं की माप दोन-तीन सेंमीने चुकतं. पाठ ताठ पण आखडलेली नाही, खांदे सैल, तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले, गुडघे काटकोनात. टेप दुसऱ्या कुणाला तरी धरू द्या, कारण स्वतः वाकून मोजलं की माप बदलतं.

पहिलं माप जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंतचं. घरी अनवाणी काम करत असाल तर अनवाणीच मोजा, ऑफिससाठी घेत असाल तर रोजचे बूट घालून. बुटांनी हे माप दोन-तीन सेंमीने वाढतं. आपल्याकडे घरात चपला घालत नाहीत आणि तयार खुर्च्यांच्या उंच्या मात्र बूट धरून ठरवलेल्या असतात, त्यामुळे घरी काम करणाऱ्याला हा फरक हटकून नडतो. दुसरं माप स्टुलाच्या पृष्ठापासून कोपराच्या टोकापर्यंतचं, दंड सरळ खाली सोडून आणि कोपर काटकोनात वाकवून. तिसरं पाठीच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या खळगीपर्यंतचं. चौथं बसल्यावरची कमरेची सर्वांत रुंद जागा. हे चार आकडे कागदावर लिहून खिशात ठेवा.

आता पहिलं आणि दुसरं माप मिळवा. साधारण १५५ सेंमी उंचीच्या बाईचं पहिलं माप ३९ सेंमीच्या आसपास आणि दुसरं २१ सेंमीच्या आसपास येतं, बेरीज ६०. म्हणजे तिचं कोपर जमिनीपासून ६० सेंमीवर आहे, आणि टाइप करताना बोटं त्याच पातळीला किंवा तिच्या जराशी खाली हवीत. कीबोर्डची जाडी दोनेक सेंमी धरली तर टेबलाचा पृष्ठभाग ५८ ते ६० सेंमीवर हवा. प्रत्यक्षात तो ७५ वर आहे. पंधरा सेंमीची ही तफावत ती दिवसभर खांदे उचलून भरून काढते. १७० सेंमी उंचीच्या पुरुषाची बेरीज ६५ च्या आसपास जाते. त्यालाही साधं टेबल दहा सेंमी उंचच पडतं. तुमची बेरीज याहून थोडी वेगळी येईल, म्हणून स्वतःचीच मापं वापरा.

टेबलाचं काय करायचं

उपाय तीन आहेत, आणि आमच्या मते त्यांचा क्रमही हाच असावा.

टेबल एकाच माणसाचं असेल आणि पाय साधे असतील तर पाय कापून घ्या. लाकडाचे किंवा प्लायचे पाय सुतार दहा मिनिटांत कापतो. लोखंडी चौकोनी पाइपाचे असतील तर फॅब्रिकेशनवाला कापून देतो, फक्त खालचे प्लास्टिकचे बूट काढून ठेवा आणि नंतर परत बसवा, नाहीतर फरशीवर ओरखडे पडतात. हिशेबाने जितके कापायला हवेत त्यापेक्षा दोन सेंमी कमीच कापा. आठवडाभर बसून बघा, मग लागलं तर आणखी कापा. कापलेलं लाकूड पुन्हा जोडता येत नाही, आणि पायाखाली गुटके ठेवलेलं टेबल टाइप करताना हलतं. मधोमध खण असेल तर कापण्याआधी मांडीसाठी उरणारी जागा मोजा. ३९ सेंमीच्या बैठकीवर मांडीचा वरचा भाग ५२–५४ सेंमीपर्यंत येतो. ६० सेंमीच्या टेबलाखाली आठ-दहा सेंमीचा खण असेल तर मांड्या त्याला घासणार. असा खण आधी काढून टाका.

टेबल घरातले सगळे वापरत असतील, किंवा कंपनीचं असेल, तर खाली सरकता ट्रे लावा. १२ मिमी प्लाय, रुंदी किमान ६० सेंमी, खोली २८ ते ३० सेंमी, आणि दोन बाजूंना टेलिस्कोपिक चॅनल. चॅनल, स्क्रू, कोनपट्ट्या सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळतात. ६० सेंमीचा आग्रह यासाठी की ट्रेवर कीबोर्डशेजारी माऊसही मावला पाहिजे. अरुंद ट्रे लावून माऊस वर टेबलावर ठेवणारे बरेच असतात. त्यात उजवा हात दिवसभर वर आणि पुढे ताणलेला राहतो, आणि काही आठवड्यांत उजव्या खांद्याच्या पात्यात ठणका सुरू होतो. ट्रे टेबलाच्या आठ ते दहा सेंमी खाली येतो. पूर्ण तफावत त्याने भरत नाही, पण मोठा भाग भरतो.

तिसरा उपाय खुर्ची वर घेऊन पायाखाली आधार देण्याचा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला बहुधा हाच जमतो. इथे दोन मर्यादा आहेत. खुर्ची हवी तितकी वर जात नाही, कारण बहुतेकींची बैठक जास्तीत जास्त ५० ते ५२ सेंमीपर्यंतच जाते आणि बसल्यावर फोम दोन-तीन सेंमी दबतो. शिवाय पाय एकाच जागी अडकतात. आधार दोन्ही तळवे मावतील असा हवा, किमान ४० सेंमी रुंद आणि ३० सेंमी खोल. न्हाणीतला जुना लाकडी पाट यासाठी छान चालतो. एक कमी पडला तर दोन एकावर एक ठेवू नका, ते सरकतात. मागच्या बाजूला खाली लाकडाची पट्टी ठोकून उंची वाढवा. उंची हिशेबानेच ठरवा: खुर्ची जितकी वर नेली तितकाच आधार उंच. खुर्चीचा आडवा दांडा किंवा चाकांचे पाय ही टेकायची जागा नव्हे. तिथे पाय ठेवले की गुडघे आत वळतात आणि माणूस बैठकीवर पुढे घसरतो.

खुर्चीत काय बघायचं

पाठ किती उंच आणि कव्हर किती चकचकीत याकडे दुकानात पहिलं लक्ष जातं. तुम्ही पहिलं लक्ष बैठकीच्या खोलीकडे द्या. बैठकीच्या पुढच्या कडेपासून पाठीपर्यंतचं अंतर तुमच्या तिसऱ्या मापापेक्षा तीन ते पाच सेंमी कमी हवं. ‘बॉस चेअर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मोठ्या खुर्च्यांची बैठक ५० सेंमी किंवा त्याहूनही खोल असते. सव्वापाच फुटी माणूस तिच्यात मागे टेकून बसला की कड पोटरीला रुतते, म्हणून तो आपोआप पुढे सरकतो, आणि मग पाठीमागे इतके पैसे देऊन घेतलेला आधार रिकामाच राहतो. मोठी खुर्ची म्हणजे आरामाची खुर्ची, हा समज सोडून द्या. बैठक पुढे-मागे सरकवता येत असेल तर उत्तम. साधारण पाच सेंमीची ही सोय, घरात दोन उंचीची माणसं तीच खुर्ची वापरणार असतील, तर आम्ही आवश्यकच धरतो.

पुढची कड खाली वळलेली, धबधब्यासारखी उतरती हवी. जाळीच्या बैठकीत हे मुद्दाम तपासा. नवी असताना जाळी ताणलेली असते; वर्ष-दोन वर्षांत ती खाली बसते आणि पुढची प्लास्टिकची चौकट मांडीला लागू लागते. आमची पसंती फोमची बैठक आणि जाळीची पाठ अशा जोडीला आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा रेक्झिनच्या पाठीला शर्ट चिकटतो, आणि घामाने व उन्हाने ते रेक्झिन काही वर्षांत पापुद्रे सोडू लागतं. फोम साच्यात ओतलेला असावा; प्लायच्या तुकड्यावर कापून चिकटवलेला फोम लवकर बसतो. अंगठ्याने जोरात दाबून बघा. खालचं प्लाय चटकन लागलं तर ती खुर्ची सोडा. कमरेचं चौथं माप बैठकीच्या रुंदीपेक्षा दोन-तीन सेंमी तरी कमी असावं. गेमिंग खुर्चीच्या दोन्ही बाजूंना वर आलेल्या कडा असतात, त्यामुळे बाहेरून रुंद दिसणारी बैठक आतून अरुंद निघते, म्हणून माप कडांच्या आतलंच घ्या.

आता यंत्रणा. दुकानदार ‘पुशबॅक’ म्हणतो तेव्हा दोनपैकी एक गोष्ट असते. साध्या यंत्रणेत बैठक आणि पाठ एकत्र मागे झुकतात, त्यामुळे बैठकीची पुढची कड वर येते आणि तळवे जमिनीवरून सुटतात. सिंक्रो यंत्रणेत पाठ साधारण दोन अंश झुकते तेव्हा बैठक एकच अंश झुकते, म्हणून मागे रेलूनही पाय जमिनीवर राहतात. फरक दुकानातच कळतो: बसा, मागे रेला आणि टाचांकडे लक्ष द्या. टाचा उचलल्या गेल्या तर ती साधी यंत्रणा. दिवसाला सहा-आठ तास बसणाऱ्याने सिंक्रोच घ्यावी. इतर सोयी कमी झाल्या तरी चालतील.

बैठक खालीवर करणारी गॅस लिफ्ट, जिला दुकानात हायड्रॉलिक म्हणतात, तिच्यावर श्रेणी छापलेली असते. वजन शंभर किलोच्या आसपास किंवा वर असेल तर श्रेणी ४ आणि धातूचा पंचकोनी बेस घ्या. पाय पाचच हवेत. चार पायांची फिरती खुर्ची एका बाजूला कलली की उलटते. भारतीय मानक ब्युरोचं कामाच्या खुर्च्यांसाठीचं मानक आयएस १७६३१ हे आहे. ‘बिफ्मा’ची, म्हणजे अमेरिकी फर्निचर उत्पादक संघटनेच्या चाचणीची, चिठ्ठी दाखवली तर एकच प्रश्न विचारा: चाचणी पूर्ण खुर्चीची आहे की नुसत्या गॅस लिफ्टची किंवा चाकांची? सुट्या भागाच्या चिठ्ठीवर सगळी खुर्ची विकली जाते.

कमरेचा आधार खालीवर होणारा हवा. खुर्चीच्या हातांची उंची बदलता आली पाहिजे. त्याखेरीज हात पुढे-मागे, आत-बाहेर फिरत असतील तर चांगलंच, पण त्यासाठी फार पैसे मोजू नका. डोक्याची टेक टाइप करताना उपयोगाची नाही. ती मागे रेलून फोनवर बोलताना लागते. पुढे आलेली असली तर उलट मान पुढे ढकलते.

कोटा फरशी किंवा टाइलवर कडक नायलॉनची चाकं घसरतात आणि आवाज करतात. पीयूची (पॉलियुरेथेनची) मऊ चाकं मागा. बहुतेक चाकांचा दांडा ११ मिमीचा असतो, त्यामुळे नंतर बदलणंही सोपं आहे.

कंपन्या जागा बदलतात किंवा बंद होतात तेव्हा त्यांच्या खुर्च्या जुन्या फर्निचरवाल्यांकडे येतात. चांगल्या यंत्रणेची जुनी खुर्ची त्याच किमतीच्या नव्या खुर्चीपेक्षा बहुधा सरस असते. तपासायची रीत अशी: खुर्ची सर्वांत वर घ्या, लिफ्टच्या चकचकीत दांड्यावर पेनाने खूण करा, धपकन बसा आणि दहा मिनिटं तिथेच बसून राहा. खूण खाली सरकली तर गॅस गेला. मग पाठ धरून खुर्ची हलवा. यंत्रणेत खडखड होत असेल, किंवा बैठक डावी-उजवीकडे डुलत असेल, तर घेऊ नका. गॅस लिफ्ट आणि चाकं स्वस्तात बदलतात, त्यांच्या नावाने किंमत पाडून घ्या. यंत्रणा आणि पाठीची जाळी मात्र सहसा सुटी मिळत नाही.

कुठलीही खुर्ची किमान पंधरा मिनिटं बसल्याशिवाय घेऊ नका. पहिल्या दोन मिनिटांत मऊ खुर्चीच चांगली वाटते. दहाव्या मिनिटाला कड कुठे लागते, पाठ कुठे रिकामी राहते, ते कळायला लागतं. तुमच्या खिशातल्या मापांशी ताडायला टेप सोबत न्या.

खुर्ची लावायची कशी

क्रम महत्त्वाचा आहे, कारण एक गोष्ट हलवली की आधीची बिघडते.

टेबल किंवा ट्रे योग्य उंचीला आणता आला असेल तर पायापासून सुरुवात करा. खुर्चीसमोर उभे राहा आणि बैठकीचा वरचा काठ गुडघ्याच्या वाटीच्या जरा खाली येईल इतकी ती लावा. बसा. मांडी आणि बैठकीच्या पुढच्या कडेच्या मधून बोटं सहज सरकली पाहिजेत. अडकली तर खुर्ची उंच आहे. मांडी कडेपासून बरीच वर राहिली आणि गुडघे कमरेपेक्षा उंच गेले तर खुर्ची खाली आहे. टेबल बदलता येत नसेल तर उलटीकडून निघा: आधी कोपर कीबोर्डच्या पातळीला येईपर्यंत खुर्ची वर घ्या, मग पायाखालचा आधार द्या. या दोन वाटांची सरमिसळ केली की थोडं पायाचं आणि थोडं खांद्याचं अशी तडजोड होते, आणि दोन्हीकडे दुखतं.

मग बैठकीची खोली. कंबर पाठीच्या अगदी तळाशी जाईपर्यंत मागे सरका. गुडघ्याच्या खळगीत आणि कडेत तीन-चार बोटांची जागा राहू द्या. बैठक सरकत नसेल आणि खोली जास्त असेल तर पाठीमागे चार-पाच सेंमी जाडीची घट्ट उशी ठेवा. मऊ उशी दबून जाते, तिचा उपयोग नाही.

कमरेचा आधार पट्ट्याच्या ओळीत किंवा जरासा वर, बैठकीपासून साधारण १५ ते २५ सेंमीवर यायला हवा. तिथे कण्याला आतल्या बाजूला नैसर्गिक बाक असतो, त्या बाकात आधार बसला पाहिजे. तो बरगड्यांखाली लागत असेल तर फार वर आहे, माकडहाडावर ढकलत असेल तर फार खाली. आधारच नसेल तर अंगपुसण्याच्या टॉवेलची घट्ट गुंडाळी करून दोन ठिकाणी इलॅस्टिकने पाठीला बांधा. दाबल्यावर ती पाच-सहा सेंमी जाड राहावी. पहिल्या दिवशी टोचल्यासारखं वाटेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही टोचत असेल तर गुंडाळी पातळ करा.

खुर्चीची पाठ नव्वद अंशांत कुलूप लावून बसणं ही सर्वांत पसरलेली चूक आहे. शाळेत ‘ताठ बसा’ सांगितलेलं असतं, ते इथे उपयोगी पडत नाही. स्वीडनचे अस्थिशल्यचिकित्सक आल्फ नाकेमसन यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत कण्याच्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता. आधाराशिवाय बसल्यावर दाब उभं राहण्यापेक्षा जास्त, आणि पाठीला टेकून मागे रेललं की तो कमी होतो, असं त्यांना आढळलं. कामाच्या वेळी पाठ १०० ते ११० अंशांवर ठेवा आणि कुलूप उघडं ठेवा, म्हणजे शरीर थोडंथोडं हलत राहतं.

त्यासाठी झुकण्याचा ताण आपल्या वजनाला जुळवावा लागतो. बैठकीखाली पुढे किंवा बाजूला गोल मूठ असते, बहुतेक खुर्च्यांत उजवीकडे फिरवली की ताण वाढतो. कुलूप काढा, तळवे टेकवून मागे रेला. पाठ धपकन मागे गेली तर ताण वाढवा. जोर लावल्याशिवाय हललीच नाही तर कमी करा. छातीचा भार टाकला की पाठ हळू मागे जावी आणि पुढे आलात की तुमच्यासोबत परत यावी. मूठ बऱ्याच वेळा फिरवावी लागते, आणि मागे रेललेलं असताना ती जड फिरते, म्हणून पुढे सरकून फिरवा. पन्नास किलोच्या माणसाला कारखान्यातून आलेला ताण बहुधा जास्तच असतो, म्हणून ‘ही खुर्ची मागे जातच नाही’ असं वाटतं.

खुर्चीचे हात सर्वांत शेवटी. खांदे एकदा वर उचलून सोडून द्या, ते जिथे पडतील तिथे कोपराखाली हात अलगद टेकले पाहिजेत. हात उंच असतील तर खांदे दिवसभर उचललेले राहतात. असे हात असण्यापेक्षा नसलेले बरे. ते टेबलाच्या कडेला अडून खुर्ची आत जाऊ देत नसतील, तर सरळ काढून टाका: बैठकीखाली प्रत्येक बाजूला दोन-तीन बोल्ट असतात, ५ किंवा ६ मिमीची ॲलन की लागते. बोल्ट आणि वायसर डबीत जपून ठेवा. हात काढले की मांडी घालून बसायलाही जागा होते. त्यात वाईट काही नाही, दहा-पंधरा मिनिटं बसा. पण खुर्चीच्या मऊ बैठकीवर मांडी घातली की कमरेचा बाक सपाट होतो, म्हणून तास-दोन तास तसं बसू नका.

पडदा आणि लॅपटॉप

लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकाच तुकड्यात असल्यामुळे दोन्ही एकाच वेळी योग्य उंचीवर येऊ शकत नाहीत. कीबोर्ड बरोबर ठेवला तर मान वाकते, पडदा वर घेतला तर हात उचलावे लागतात. रोज दोन तासांपेक्षा जास्त काम असेल तर वेगळा कीबोर्ड-माऊस घ्या. सिल्व्हर मॉलमध्ये साधा संच मिळतो, आणि खुर्चीवर त्याच्या कितीतरी पट खर्च करण्यापेक्षा त्याने जास्त फरक पडतो. लॅपटॉप स्टँडवर किंवा जाड गाइडांच्या गठ्ठ्यावर ठेवा. पडद्याचा वरचा काठ डोळ्यांच्या पातळीला किंवा दोन बोटं खाली, अंतर हाताच्या लांबीइतकं, म्हणजे ५० ते ७० सेंमी. बायफोकल चष्मा असेल तर पडदा आणखी चार-पाच सेंमी खाली घ्या, नाहीतर खालच्या काचेतून बघण्यासाठी हनुवटी वर जाते. कीबोर्डचे मागचे छोटे पाय उघडू नका. त्यांनी मनगट वरच्या बाजूला वाकतं. खिडकी बाजूला असावी, समोर किंवा पाठीमागे नको.

पुस्तकातून वाचणाऱ्या मुलांनी पुस्तक टेबलावर सपाट न ठेवता तिरक्या फळीवर ठेवावं. पुस्तक सपाट असलं की दहा तासांत मान जितका वेळ वाकलेली राहते, ते नुकसान कुठलीच खुर्ची भरून काढत नाही. आणि खुर्ची कितीही नीट लावली तरी अर्ध्या-पाऊण तासाने दोन मिनिटं उठायचंच. पाण्याची बाटली टेबलावर न ठेवता दुसऱ्या खोलीत ठेवली की ते आपोआप होतं.

दुखण्यावरून चूक ओळखा

पायाला मुंग्या येत असतील किंवा मांडीचा खालचा भाग बधिर होत असेल तर बैठक उंच आहे नाहीतर खोल आहे. खांद्यांचा वरचा भाग आणि मानेचा तळ दुखत असेल तर टेबल किंवा खुर्चीचे हात उंच आहेत. कंबर दुपारनंतर दुखते पण सकाळी ठीक असते, तर तुम्ही पुढे सरकून बसताय. खोली आणि कमरेचा आधार पुन्हा बघा. माकडहाड दुखतं, तेव्हा फोम बसला आहे किंवा बैठक पुढच्या बाजूला उतरती झाली आहे. मनगट दुखत असेल तर टेबलाची धारदार कड तपासा. बदल केल्यावर दोन आठवडे थांबा, आणि एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

दुखणं पायातून खाली पोटरीपर्यंत जात असेल, पायातली ताकद कमी वाटत असेल, तर खुर्चीशी खेळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा जांघेत बधिरपणा आला तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

देखभाल आणि गॅस लिफ्ट बदलणं

नवी खुर्ची आल्यावर महिनाभराने सगळे बोल्ट एकदा आवळा. कुरकुर बहुतेक वेळा त्यानेच थांबते. नाही थांबली तर यंत्रणेच्या सांध्यांना ग्रीस लावा. खायचं तेल लावू नका, ते धूळ धरून चिकट होतं. चाकांत केस आणि दोरे अडकतात. खुर्ची उलटी करून चाक सरळ ओढलं की निघतं, ब्लेडने केस कापून परत दाबून बसवा.

खुर्ची आपोआप खाली जायला लागली तर लिफ्टचं सील गेलं आहे, ते दुरुस्त होत नाही. आत दाबाखाली नायट्रोजन असतो, म्हणून लिफ्ट कापू, तापवू किंवा भोसकू नका. नवी आणण्याआधी जुनीचं बाहेरचं नळकांडं (बहुधा ५० मिमी), वरचा निमुळता भाग (बहुधा २८ मिमी) आणि पूर्ण उघडी व पूर्ण मिटलेली लांबी मोजून न्या. छोट्या उंचीच्या माणसाने याच वेळी कमी लांबीची लिफ्ट मागावी, म्हणजे बैठक आधीपेक्षा खाली जाते. बदलाची ही संधी बरेच जण वाया घालवतात.

काढताना खुर्ची आडवी पाडा. बेस हातोडीने ठोकून सोडवा: ठोका नळकांड्याच्या कडेला द्या, मधल्या पिनेला नाही. वरचा भाग यंत्रणेत गच्च बसलेला असतो. पाइप पान्याने नळकांडं पकडून डावी-उजवीकडे फिरवत खाली ओढा, सुटत नसेल तर सांध्यात गंज सोडवणारं तेल मारून अर्धा तास थांबा. सुटताना नळकांडं एकदम निसटतं, म्हणून तोंड आणि हात त्याच्या रेषेत ठेवू नका. नवी लिफ्ट बसवताना निमुळत्या तोंडांना तेल किंवा ग्रीस अजिबात लावू नका, ती तोंडं कोरड्या घर्षणावरच धरतात. बेसमध्ये नळकांडं ठेवा, वर यंत्रणा ठेवा आणि चार-पाच वेळा जोरात बसा-उठा. बेस हाताने ओढून सुटत नाही ना, हे बघितल्यावरच मागे रेला.